नाडी न बघता निदान कसं होतं?

टेलिमेडिसिनचा, म्हणजे दूरवैद्यकाचा विषय निघाला की घरातलं कुणीतरी हमखास विचारतं, "नाडी बघितली नाही, पोट दाबलं नाही, छातीला स्टेथोस्कोप लावला नाही, मग त्या डॉक्टरला कळलं तरी काय?" शंका रास्त आहे. डॉक्टरकडे जायचं म्हणजे टेबलावर आडवं व्हायचं, जीभ दाखवायची आणि "मोठा श्वास घ्या" म्हटलं की घ्यायचा, हे आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. मोबाइलच्या पडद्यावरचा डॉक्टर यातलं बरंचसं करत नाही, तरी चिठ्ठी लिहून देतो.

या शंकेला एका वाक्याचं उत्तर नाही. काही दुखण्यांत हात लावायची गरजच नसते, काहींत दुसऱ्या कुणाचा हात चालतो, आणि काहींत डॉक्टरचाच हात लागतो. कुठलं दुखणं कुठल्या गटात बसतं हे कळलं, की फोन कधी लावायचा आणि गाडी कधी काढायची हेही कळतं.

१. तपासणीत नेमकं काय काय होतं?

दवाखान्यातली दहा मिनिटं सुटी करून पाहू. डॉक्टर त्यात सहा कामं करतो : विचारतो, बघतो, मोजतो, हात लावतो, ठरवतो आणि औषध किंवा इंजेक्शन देतो. यातली कुठली कामं दूरवरून होतात?

विचारणं दूरवरून जवळजवळ पूर्ण होतं. ताप थंडी वाजून येतो का, खोकला रात्री वाढतो का, उलटीत रक्त होतं का, कुठल्या गोळ्या आधीपासून चालू आहेत, या प्रश्नांना अंतराची अडचण नाही. निदानाचा मोठा भाग याच प्रश्नोत्तरांतून हाती येतो. मनाच्या आजारांत तर बोलणं हीच मुख्य तपासणी. म्हणूनच १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारने सुरू केलेली 'टेलि-मानस' ही सेवा १४४१६ या साध्या फोन क्रमांकावर चालू शकते.

बघण्याचं काम व्हिडिओवर होतं, पण काय बघायचं हे ठाऊक असावं लागतं. समजा, आठ महिन्यांच्या बाळाला सर्दी-खोकला आहे आणि आई घाबरली आहे. डॉक्टर तिला सांगतो, "बाळ रडायचं थांबू द्या. झबलं वर करा आणि कॅमेरा छाती-पोटावर धरा." मग तो घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजतो. दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंतच्या बाळाचे श्वास मिनिटाला ५० किंवा जास्त भरले, तर न्यूमोनियाचा संशय घ्यायचा. एक ते पाच वर्षांच्या मुलासाठी हा आकडा ४० आहे. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर धोका आणखी मोठा. या बाळाचे श्वास ५८ भरले, तर "आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या" एवढं सांगायला स्टेथोस्कोप लागत नाही. मात्र साध्या फोनवर हे कळलं नसतं.

हात लावण्याचं काम तारेतून जात नाही. उजव्या बाजूला खालच्या पोटात दुखतंय, तर अपेंडिक्सला सूज आहे का? दाबल्यावर पोट ताठरतं का, हात झटकन उचलल्यावर कळ येते का, हे बोटांनाच कळतं. कुष्ठरोगाचा फिकट चट्टा फोटोत छान दिसतो. पण त्या जागेची संवेदना गेली आहे का, हा निदानातला कळीचा प्रश्न फोटोतून सुटत नाही. रुग्णाला डोळे मिटायला सांगून चट्ट्यावर हलकेच काहीतरी टेकवायला तिथे माणूसच हवा.

औषधही तारेतून जात नाही. चिठ्ठी जाते; गोळी, सलाइन, इंजेक्शन रुग्णाजवळ आधीपासून असावं लागतं. ही साधी गोष्ट पुढे पुन्हा पुन्हा समोर येणार आहे.

२. मोबाइलच्या आधीचं दूरवैद्यक

ही कल्पना इंटरनेटपेक्षा फार जुनी आहे. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात विलेम आइन्थोव्हेन यांनी हृदयाचा आलेख, म्हणजे ईसीजी काढणारं यंत्र बनवलं. या शोधासाठी त्यांना १९२४चं नोबेल मिळालं. पण ते यंत्र इतकं अवजड होतं की प्रयोगशाळेतून हलवण्याची सोयच नव्हती, आणि रुग्ण सुमारे दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयात. १९०५ साली त्यांनी टेलिफोनच्या तारेतून रुग्णाच्या हृदयाचे विद्युतसंकेत प्रयोगशाळेपर्यंत आणले. रुग्णालयात रुग्णाचे हात-पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून त्याला बसवलेलं असायचं. म्हणजे तिथेही कुणीतरी भांडी भरून, रुग्णाला नीट बसवून, तारा जोडून द्यायला लागत होतंच.

दुसरं उदाहरण ऑस्ट्रेलियाच्या उजाड मधल्या भागातलं. शेकडो किलोमीटरमध्ये एक डॉक्टर, अशी तिथली अवस्था. जॉन फ्लिन या धर्मोपदेशकाने १९२८मध्ये क्वीन्सलँडमधल्या क्लोनकरी गावातून विमानाने डॉक्टर पाठवायची सेवा सुरू केली. तीच आजची 'रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस'. पण विमान बोलवायचं कसं? वस्त्यांवर वीज नव्हती. आल्फ्रेड ट्रेगर या तंत्रज्ञाने पायाने पेडल मारून वीज तयार करणारा रेडिओसंच बनवला, आणि १९२९पासून तो दूरच्या वस्त्यांवर पोचू लागला.

मग लक्षात आलं की दर वेळी विमान पाठवायची गरज नसते, सल्लाही पुरतो. पण सल्ला पुरायचा तर औषध घरात हवं. म्हणून १९४२पासून वस्त्यांवर औषधांच्या पेट्या ठेवल्या गेल्या. त्यातल्या प्रत्येक औषधाला क्रमांक होता. शरीराचं चित्र काढून त्याच्या भागांनाही क्रमांक दिले होते. दुखतंय कुठे, हे घरची बाई रेडिओवर आकड्यात सांगायची, आणि डॉक्टर "अमुक क्रमांकाच्या दोन गोळ्या द्या" असं उत्तर द्यायचा. औषधाचं लांबलचक नाव खरखरत्या रेडिओवर चुकीचं ऐकू येण्याची भीतीच उरली नाही.

३. काय लवकर पोचतं, काय उशिरा?

भारतात २००० साली आंध्र प्रदेशातल्या अरगोंडा या खेड्यात अपोलो समूहाने दूरवैद्यकाचं केंद्र उघडलं, आणि पुढच्या वर्षापासून इस्रोने उपग्रहाच्या साहाय्याने दूरची रुग्णालयं मोठ्या रुग्णालयांना जोडायला सुरुवात केली. त्या काळात सेकंदाला ३८४ किलोबिट हा जोडणीचा वेग पुष्कळ समजला जाई. या वेगात काय होतं, ते गणिताने पाहू.

ईसीजी म्हणजे शेवटी आकड्यांची रांग. बारा बाजूंनी, दहा सेकंद, दर सेकंदाला ५०० नोंदी धरल्या तर ६०,००० आकडे होतात. एका आकड्याला दोन बाइट, म्हणजे १,२०,००० बाइट. आठ बिटचा एक बाइट, म्हणून साधारण ९६० किलोबिट. भागिले ३८४, म्हणजे अडीच सेकंद.

छातीचा डिजिटल एक्स-रे १० मेगाबाइटचा धरला तर ८०,००० किलोबिट होतात, आणि तो जायला साडेतीन मिनिटं लागतात. सीटी स्कॅनच्या ३०० प्रतिमा, प्रत्येकी अर्धा मेगाबाइट धरल्या तर पाऊण तासाहून जास्त. आज सेकंदाला १० मेगाबिटचा वेग मिळाला तर तोच एक्स-रे आठ सेकंदांत आणि सीटी स्कॅन दोन मिनिटांत जातो.

दूरवैद्यकात ईसीजी पहिल्यापासून पुढे का राहिला, हे या हिशेबातून दिसतं. तो हलका असतो आणि त्यातली माहिती मोलाची असते. दुसरा धडा असा, की जिथे रेंज एका काडीवर येते तिथे व्हिडिओचा हट्ट धरण्यापेक्षा नीट काढलेला फोटो किंवा ईसीजी पाठवणं अधिक उपयोगी.

४. समोरासमोर की सवडीने?

दूरवैद्यकाचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकात डॉक्टर आणि रुग्ण एकाच वेळी बोलतात. दुसऱ्यात माहिती आधी गोळा करून पाठवतात, आणि तज्ज्ञ ती आपल्या वेळेनुसार पाहून अहवाल देतो.

दुसऱ्या प्रकारावर एक अख्खा व्यवसाय उभा आहे. अमेरिकेतल्या रुग्णालयात रात्री काढलेला स्कॅन बंगळूरुत सकाळी कामावर बसलेला रेडिऑलॉजिस्ट वाचतो. त्याला रुग्ण समोर नसला तरी चालतो, कारण गावातल्या रेडिऑलॉजिस्टच्या हातातही शेवटी प्रतिमाच असते.

याच पद्धतीने कर्नाटकात खेड्यातल्या बाळांची दृष्टी वाचवण्याचं काम झालं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या डोळ्यांच्या पडद्यावर नको त्या रक्तवाहिन्या वाढू शकतात. वेळेत लेझर केलं नाही, तर बाळ कायमचं आंधळं होऊ शकतं. ही तपासणी करणारे डोळ्यांचे डॉक्टर मात्र मोजके. २००८पासून बंगळूरुच्या नारायण नेत्रालयाने 'किड्रॉप' या प्रकल्पात प्रशिक्षित तंत्रज्ञांना खास कॅमेरा देऊन जिल्ह्याच्या ठिकाणच्या नवजात कक्षांत पाठवायला सुरुवात केली. तंत्रज्ञ बाळाच्या पडद्याचे फोटो काढतो, तज्ज्ञ दूर बसून ते पाहतो, आणि कुठल्या बाळाला उपचार लागणार ते कळतं.

५. उपकेंद्रातल्या मॅडम

आपल्या देशातली सर्वांत मोठी व्यवस्था म्हणजे 'ई-संजीवनी'. पुण्याचं सी-डॅक आपल्याला ठाऊक असतं. ही प्रणाली त्याच संस्थेच्या मोहालीच्या केंद्राने बनवली. तिच्या दोन वाटा आहेत. २०१९मध्ये सुरू झालेल्या पहिल्या वाटेत रुग्ण जवळच्या आरोग्य केंद्रात जातो आणि तिथला कर्मचारी त्याला दूरच्या डॉक्टरशी जोडून देतो. १३ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीत, दुसरी वाट खुली झाली : घरूनच मोबाइलवर नोंदणी, टोकन, डॉक्टरशी बोलणं आणि चिठ्ठी. फेब्रुवारी २०२३पर्यंत ई-संजीवनीवर दहा कोटी सल्ले झाले होते. लाभ घेणाऱ्यांत निम्म्याहून जास्त स्त्रिया होत्या.

या दहा कोटींतले बहुसंख्य सल्ले पहिल्या वाटेचे, म्हणजे मध्ये माणूस असलेल्या वाटेचे आहेत. महाराष्ट्रात हा माणूस म्हणजे उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी, बोलण्यात 'सीएचओ'. त्यांच्यात बीएएमएस झालेले बरेच असतात, काही नर्सिंग केलेले. उपकेंद्रात आल्यावर त्यांना गावात 'मॅडम' किंवा 'सर' म्हणतात.

त्यांच्या कामाचं मोल एका उदाहरणात पाहू. समजा, एक आजी उन्हातून चालत उपकेंद्रात आल्या. आल्या आल्या ब्लाउजच्या बाहीवरूनच पट्टा बांधून बीपी घेतलं, वरचा आकडा १६८. मॅडमनी त्यांना पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं बसवलं, बाही सैल केली, हात टेबलावर हृदयाच्या पातळीला ठेवला आणि बोलू दिलं नाही. आता १४८. पुन्हा घेतलं, १४६. पलीकडचा डॉक्टर १६८ बघून गोळी वाढवेल; १४६ बघून कदाचित जुनीच चालू ठेवेल आणि मीठ कमी करायला सांगेल. गोळी विनाकारण वाढली तर आजी सकाळी उठताना चक्कर येऊन पडतील, आणि खुब्याचं हाड मोडेल.

शहरातल्या नामांकित शिंप्याला मापं पाठवून सदरा शिवून घेता येतो. पण गावात माप घेणाऱ्याने टेप सैल धरला, तर शिंपी कितीही कसबी असला तरी सदरा अंगाला बसत नाही. दूरवैद्यकाचंही असंच आहे. पडद्यावर कुठल्या पदवीचा डॉक्टर येतो याची आपण चौकशी करतो. माप कोण घेतं, हे विचारत नाही.

मॅडमचं दुसरं काम औषध देण्याचं. डॉक्टरने लिहिलेली गोळी उपकेंद्राच्या कपाटात असेल तर आजी ती घेऊन घरी जातात. नसेल तर तालुक्याला जायची एसटी चुकत नाही, आणि मग अंतर वाचलं असं म्हणण्यात अर्थ उरत नाही.

६. छातीत दुखतंय, आणि बांबोळी लांब आहे

गोव्यातलं उदाहरण हे सगळे धागे एकत्र आणतं. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी नळी गुठळीने बंद पडली, की स्नायू मिनिटामिनिटाला मरत जातो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या काही तासांत दिलं तर फायदा सर्वांत जास्त; उशीर होईल तसा तो घटत जातो. गोव्यातलं मोठं सरकारी रुग्णालय बांबोळीला, गोवा वैद्यकीय महाविद्यालयात. काणकोणसारख्या टोकाच्या गावाहून तिथे पोचेपर्यंत मोलाचा वेळ रस्त्यातच जातो.

२०१८च्या अखेरीस गोवा सरकारने याच आजारासाठी खास योजना सुरू केली. ठिकठिकाणच्या सरकारी आरोग्य केंद्रांत ईसीजीची यंत्रं दिली. आलेख काढला की तो दूरच्या तज्ज्ञांकडे जातो, काही मिनिटांत उत्तर येतं, आणि हृदयविकाराचा झटका पक्का असेल तर इंजेक्शन जवळच्या केंद्रातच देऊन मग रुग्णाला बांबोळीकडे पाठवता येतं. म्हणजे रुग्ण आधी नळी मोकळी करायच्या औषधाजवळ पोचतो, मग मोठ्या डॉक्टरजवळ.

इथे परिचारिकेच्या हातावर किती अवलंबून आहे पाहा. ईसीजीच्या तारा ठरलेल्या जागी लागल्या पाहिजेत. उजव्या आणि डाव्या हाताच्या तारांची अदलाबदल झाली, तर आलेखाचा एक भाग उलटा उमटतो आणि वाचणारा बुचकळ्यात पडतो. नियम असा, की छातीत दुखणारा रुग्ण दारात आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी झाला पाहिजे. केसपेपर नंतर.

दूरवैद्यकाचं सर्वांत नवलाचं उदाहरणही रुग्णाजवळच्या हातांबद्दल हेच सांगतं. ७ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या जाक मारेस्को या सर्जनने यंत्रमानवाच्या हातांनी फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग इथे एका स्त्रीचं पित्ताशय काढलं. मध्ये अटलांटिक महासागर होता. पण स्ट्रासबुर्गच्या टेबलापाशी भूल देणारे आणि शस्त्रक्रिया करू शकणारे डॉक्टर उभे होतेच.

७. कायदा काय म्हणतो?

बराच काळ याबद्दल स्पष्ट नियमच नव्हते. २०१८मध्ये रत्नागिरीच्या एका प्रकरणात डॉक्टर रुग्णालयात हजर नसताना फोनवरून उपचार सांगितले गेले आणि रुग्ण दगावली. मुंबई उच्च न्यायालयाने डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला. फोनवर सल्ला द्यायला डॉक्टर कचरू लागले. मग टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, २५ मार्च २०२० रोजी, देशभरासाठी मार्गदर्शक तत्त्वं आली. सामान्य माणसाने त्यातल्या पाच गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

* सल्ला नोंदणीकृत डॉक्टरच देऊ शकतो आणि त्याचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर हवा. संगणकी 'कृत्रिम बुद्धिमत्ता' डॉक्टरला मदत करू शकते, स्वतः औषध लिहून देऊ शकत नाही.
* रुग्णाने नाव, वय खरं सांगायचं. निनावी सल्ला मिळत नाही.
* रुग्णाने स्वतः फोन केला तर त्याची संमती आहे असं धरतात. आरोग्य कर्मचाऱ्याने किंवा डॉक्टरने सुरुवात केली तर ती स्पष्टपणे घ्यावी लागते.
* कुठलं औषध कसं द्यायचं याच्या याद्या आहेत. पॅरासिटामॉल, ओआरएस यांसारखी औषधं साध्या फोनवरही सांगता येतात. काही औषधांसाठी पहिल्या भेटीत व्हिडिओ हवा. काही फक्त त्याच आजारासाठी आधी प्रत्यक्ष तपासलेल्या रुग्णाला देता येतात. अमली आणि मनावर परिणाम करणाऱ्या पदार्थांच्या कायद्याखालची औषधं अशा सल्ल्यात लिहून द्यायला साधारणपणे मनाई आहे.
* "मला तुम्हाला प्रत्यक्ष बघावं लागेल" असं म्हणायचा अधिकार डॉक्टरला कुठल्याही क्षणी आहे. असं म्हणणारा डॉक्टर कामचुकार नसतो, तो मर्यादा ओळखतो.

८. फोन लावण्याआधी

छातीत दाब येऊन घाम फुटणं, तोंड वाकडं होणं किंवा एका बाजूची ताकद जाणं, फिट येणं, बेशुद्धी, धाप लागून वाक्य पूर्ण न करता येणं, गरोदरपणातला रक्तस्राव, सर्पदंश : यात टोकन घेऊन रांगेत थांबू नका. १०८ला फोन करा आणि निघा.

बाकी दुखण्यांत थोडी तयारी केली तर सल्ला पुष्कळ नेमका मिळतो. दुखणं कधी सुरू झालं आणि कसं वाढलं, हे तारखेनिशी कागदावर लिहा. चालू गोळ्यांच्या पाकिटांचे नाव दिसेल असे फोटो काढा; "पांढरी छोटी गोळी" यावरून कुणालाच काही कळत नाही. लहान मुलाचं वजन सांगा, कारण मुलांचा डोस वजनावर ठरतो. प्रकाश पाठीमागून नको, चेहऱ्यावर पडू द्या. बीपी पाच मिनिटं बसून दोनदा घ्या. ऑक्सिजन मोजायचा असेल तर नखाला पॉलिश नको आणि बोट गार नको. कानाने कमी ऐकू येणाऱ्या आजोबांजवळ घरातलं कुणीतरी बसावं, पण उत्तरं आजोबांना देऊ द्या.

आणि बोलणं संपताना डॉक्टरला दोन प्रश्न विचारा : "किती वेळात बरं वाटायला हवं? नाही वाटलं, किंवा आणखी काय झालं, तर कुठे जाऊ?" दूरचा डॉक्टर संध्याकाळी तुमच्या घरावरून जाणार नाही, आणि पुढचे दोन दिवस रुग्णावर नजर तुम्हालाच ठेवायची आहे. म्हणून या दोन्ही प्रश्नांची उत्तरं लिहून घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.